कच्चा सोल

माझ्या दुकानात एक पाटी आहे. माझ्या हातचा बूट सहा महिन्यांच्या आत उसवून परत आला, तर फुकट शिवून मिळेल. वीस वर्षांत तीनच परत आले. त्यातला एक कुत्र्यानं चावलेला होता, तो मी धरत नाही. असा मी, सगळ्या वस्तीच्या पायांची काळजी करणारा. आणि पोटच्या मुलीच्या बुटाचा तळ कधी उलटा करून पाहिला नाही. दिव्याखाली अंधार तो हाच. पाच महिन्यांपूर्वी ती शाळेच्या ओल्या पायरीवर घसरली आणि उजवा घोटा मोडला. आत एक प्लेट बसली, सहा स्क्रू बसले. दवाखान्यात नर्सनं तिचा कॅनव्हासचा बूट माझ्या हातात दिला, तेव्हा तो मी पहिल्यांदा उलटा केला. नक्षीचं नावसुद्धा उरलं नव्हतं. बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं सरकत गेलं. डॉक्टर शेजारी काहीतरी सांगत होते आणि मी त्या तळावरून बोट फिरवत बसलो होतो.

मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. हाक मारली की माणसं मान वळवतात. ही मान वळवत नाही, टाचेवर अख्खीच्या अख्खी गर्रकन फिरते. दोन वर्षांची असल्यापासूनची खोड. पंधरा पूर्ण झाली तरी गेली नाही, कुबड्या होत्या तेवढे दिवस मात्र बंद होती.

परवा कुबड्या सुटल्या. डॉक्टर म्हणाले, "शाळेत जाऊ दे. पण त्याच पायावर पुन्हा पडली तर प्लेटच्या कडेनं हाड मोडेल. मग परत उघडावं लागेल, आणि चाल पहिल्यासारखी राहील असं मी तरी सांगू शकणार नाही." हे वाक्य मी घरी येईपर्यंत तोंडपाठ केलं होतं.

आणि नेमका चार दिवस पाऊस. थांबायचं नाव नाही. पाचव्या दिवशी सकाळी आठ वाजता तिची विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. ती पुन्हा घेत नाहीत. बुडाली की वर्ष गेलं. म्हणजे घरी बसवायची सोय नव्हती. शाळेला जायचं तर मोठ्या रस्त्यावरचा लोखंडी पादचारी पूल ओलांडायलाच हवा. अडतीस पायऱ्या वर, अडतीस खाली, आणि माणसांच्या पायांनी घासून पत्रा चमचम करतो.

म्हणून आदल्या संध्याकाळी दुकानात बैठक बसली. दुकान पुढे, दोन खोल्या मागे, त्यामुळे घरातल्या सगळ्या बैठका चामड्याच्या वासातच होतात. मी माझ्या जागी, भिंगरी गिऱ्हाइकांच्या बाकावर, हिची आई दारात, हातात ओला टॉवेल.

"गमबूट घेऊ या," आई म्हणाली.

"गमबूट चिखलात उभं राहायला चांगले," मी म्हणालो. "चालायला नाहीत. आत टाच वर-खाली होते. घोट्याला धरायला काही नाही. आणि वरून एकदा पाणी शिरलं की बाहेर पडत नाही, दोन बादल्या पायात घेऊन चाल."

"मग पट्ट्यांच्या सँडल? लवकर वाळतात."

"पाय आणि सँडल यांच्यामध्ये चिखल गेला की पाय आतल्या आत घसरतो. बाहेरून कितीही नक्षी असू दे."

"माझे नवे कॅनव्हासचे आहेत की," भिंगरी म्हणाली. "सगळ्याजणी तेच घालतात."

मी तिच्याकडे नुसतं बघितलं. ती गप्प बसली, पण पटून नाही.

मग मी फळीखालून ते बूट काढले. दोन वर्षांपूर्वी एका पोस्टमननं दुरुस्तीला टाकले होते; त्याची बदली झाली आणि तो घ्यायला आलाच नाही. काळे, नाडीचे, घोट्याच्या वर चार बोटं येणारे. चामडं लोण्यासारखं झालेलं. मापही जवळपास तिचंच, आत एक जाड तळवा घातला की चोख. गेले दोन दिवस मी त्यांच्यासाठी जाड खाचांचा रबरी सोल कापत होतो. कडेनं शिवणीची खाच पाडली होती, भोकांच्या खुणा केल्या होत्या. माझी रीत अशी: सोल आधी कच्चा लावायचा. पुढे दोन थेंब, टाचेला दोन थेंब सोल्यूशन, बस. घालणाऱ्यानं चार पावलं चालून दाखवायचं, पाऊल कुठं पडतं ते मी बघायचं. मग तो सोल उपटायचा, घासायचा, सबंध चिकटवायचा आणि वर मेणाच्या दोऱ्यानं शिवायचा. कच्च्या सोलाच्या बुटाला चिठ्ठी बांधतो, तिच्यावर अर्धं वर्तुळ. काम पुरं झालं की वर्तुळ पुरं करायचं आणि चिठ्ठी दाराजवळच्या खिळ्याला टोचायची. कच्चा सोल खोलीत चालायला ठीक, रस्त्यावर नाही. पाण्यात तर शंभर पावलं टिकला तरी देवाची कृपा.

"घाल आणि चालून दाखव," मी म्हणालो.

तिनं घातले. चार पावलं चालली. पाऊल सुरेख पडत होतं, मला गहिवरून आलं. मग तिनं खाली पाहिलं.

"बाबा, हे पोस्टमनचे बूट आहेत."

"होते."

"मी पत्रं वाटायला जाऊ की परीक्षेला?"

"तू पडायचं नाहीस, एवढंच काम आहे तुझं."

"सगळे पायाकडे बघतील."

"बघू देत की! बघून बघून त्यांचे डोळे झिजतील, तुझा पाय नाही."

"तुम्हाला कळतच नाही," ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "पाच महिने सगळे पायाकडेच बघतायत. डॉक्टर पायाकडे, मैत्रिणी पायाकडे, तुम्ही पायाकडे. मला शाळेत जाऊन फक्त परीक्षा द्यायचीय. मी हे घालणार नाही."

तिनं नाड्या सोडल्या आणि बूट माझ्यासमोर ठेवले. आपटले नाहीत, ठेवले. आपटले असते तर मला बरं वाटलं असतं, ओरडायला निमित्त झालं असतं. मी तरी ओरडलोच.

"नको ना? नको तर नको! मग मी कशाला रक्त आटवतो? राहू देत तसेच कच्चे!" आणि हातातली कानस फळीवर फेकली.

"अहो, तिचं वय काय, तुमचं काय," हिची आई म्हणाली. मी ऐकलं नाही. रागात भीक नको पण कुत्रा आवर अशी माझी गत होते. राग आला की तोच मला आवरावा लागतो, बाकी कामं राहतात. बूट अर्ध्या वर्तुळाची चिठ्ठी बांधलेले फळीवर राहिले. अर्ध्या तासाचं चिकटवणं आणि दोन तासांची शिवण. मनात होतं, सकाळी हिच्या कॅनव्हासच्या तळाला खाचा पाडून देऊ, आणि हात धरून पूल ओलांडून देऊ. हे मी कुणालाच सांगितलं नाही. आणि न जेवता झोपलो.

सकाळी जाग आली ती साडेसात वाजता. पत्र्यावर पावसाचा असा दणका होता की शेजारी तोफ उडाली असती तरी ऐकू आली नसती. हिची आई सहालाच जाते. दवाखान्याच्या धुलाईखान्यात तिची पाळी असते. भिंगरीचं अंथरुण घडी केलेलं होतं. दप्तर नव्हतं, लाल छत्री नव्हती.

मी दाराशी आलो आणि तिचे नवे कॅनव्हासचे बूट तिथेच दिसले. कोरडे, जोडीनं ठेवलेले.

पहिल्यांदा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. म्हणालो, पोरीनं ऐकलं. बापाचा मान ठेवला. आणि मग फळीकडे पाहिलं. फळी रिकामी.

ती ते बूट घालून गेली होती. पुढे दोन थेंब, टाचेला दोन थेंब. नाही म्हणत होती तोवर तिला धोका नव्हता; ऐकलं आणि तिथंच घात झाला. आणि सोल कच्चा कुणी ठेवला? मी. का? तर मला राग आला होता.

फोन लावायचा तर शाळेत फोन नेऊ देत नाहीत, तिचा कपाटावरच होता. हिच्या आईला लावला. वाजत राहिला. कामावर तिचा फोन लॉकरमध्ये असतो, हे मला बारा वर्षं माहीत आहे, तरी मी तीनदा लावला. चौथ्यांदा लावण्यापेक्षा पळणं बरं, एवढी अक्कल नंतर आली. दाराशी ज्या होत्या त्या स्लिपर पायात सरकवल्या, दुकान उघडं टाकलं आणि निघालो.

घर ते पूल बारा मिनिटांची वाट. ती किती वेळापूर्वी निघाली असेल? दहा मिनिटं? पाय जपून टाकते, म्हणजे पंधराची वाट धर. मी डबक्यांतून पळत होतो आणि प्रत्येक डबक्यात रबराचा काळा तुकडा शोधत होतो. गल्लीच्या तोंडाशी एक दिसला. वाकून उचलला, तर टायरचा तुकडा. फेकला आणि पुढे.

लाकडाच्या वखारीपाशी रस्ता उतरतो, तिथं पाणी घोट्यापर्यंत वाहत होतं. कडेच्या कठड्यावर हात टेकल्याच्या खुणा असतात का माणसाच्या? नसतात. तरी मी कठड्याकडे बघत गेलो. डोक्यात एकच चित्र: आधी टाच सुटेल. टाच सुटली की प्रत्येक पावलाला सोल फटफट वाजतो, सपाट रस्त्यावर माणूस सावरतो, हसतो, पाय ओढत जातो. पण पायरी चढताना सुटलेला सोल मागच्या पायरीच्या कडेत अडकतो. पुढचा पाय उचलला जातच नाही, आणि माणूस तोंडावर किंवा मागे. मी असे बूट आणि असे पाय दोन्ही पाहिलेत. माझ्याकडे बूट येतात, पाय दवाखान्यात जातात.

पुलाखाली किल्ल्या करणारा बसतो. प्लास्टिक ताणून, खाली त्याचं कानशीचं यंत्र. मला बघून ओरडला, "काय उस्ताद, गिऱ्हाईक बूट घेऊन पळालं का?"

"भिंगरी गेली का इकडून?"

माझा चेहरा बघून त्यानं थट्टा थांबवली. "आत्ताच चढली की. मला हात दाखवून गेली. लाल छत्री."

मी जिन्याशी आलो. वर पाहिलं. विसावी, एकविसावी पायरी असेल. लाल छत्री, निळा स्कर्ट, आणि ते काळे बूट. उजवा हात कठड्यावर. ती एकेक पायरी चढत होती, जशी मी शिकवली होती: आधी बरा पाय, मग दुखरा.

"भिंगरी!" घशापर्यंत आलं आणि मी ते गिळलं.

हाक मारली तर ती फिरणार. मान नाही वळवणार, टाचेवर फिरणार. ओल्या पत्र्यावर, विसाव्या पायरीवर, चार थेंबांवर चिकटलेल्या सोलावर. जिच्यासाठी पळत आलो तिला माझ्याच हाकेनं पाडणार होतो. मी ओठ दातांखाली धरले आणि चढायला लागलो. बेत एवढाच होता: आवाज न करता मागे पोचायचं, दोन पायऱ्या खाली उभं राहायचं, मग हळूच बोलायचं. पडली तर माझ्यावर पडेल.

नजर तिच्या टाचांवरून हलवली नाही. टाच उचलली, टेकली. उचलली, टेकली. सोल सुटल्यासारखा दिसतो का? पावसात काही कळेना. मी दोन-दोन पायऱ्या घेत होतो. आठ झाल्या. दहा झाल्या. ती बाविसावीवर असताना मी बाराव्या पायरीवर आलो आणि माझा डावा पाय माझ्याखालून निघून गेला.

माझ्या स्लिपर. चार वर्षांच्या. दुकानात बसून झिजवलेल्या, तळ तिच्या त्या जुन्या कॅनव्हाससारखा सपाट. दुसऱ्याच्या पायात असत्या तर मी त्या त्याच्या पायातून काढून कचऱ्यात टाकल्या असत्या. गुडघा पत्र्यावर आपटला, घोटा आतल्या बाजूला मुडपला, तीन पायऱ्या मी खाली घसरत गेलो, आणि पन्नाशीचा माणूस, भर जिन्यात, "आई गं!" म्हणून बोंबललो.

आणि ती फिरली.

जे टाळायला मी ओठ चावून चढत होतो तेच. उजव्या टाचेवर, प्लेटवाल्या, अख्खीच्या अख्खी, गर्रकन. छत्री हेलकावली. एका बाईनं वरून "अगं अगं" केलं. मी डोळे मिटले नाहीत, मिटायचं सुचलंच नाही. खाचांचा तो सोल पत्र्याला करकचून धरून उभा होता. ती डळमळलीसुद्धा नाही.

"बाबा?"

"हलू नकोस!" मी ओरडलो. "आहे तिथं थांब! बूट कच्चे आहेत! खाली येऊ नकोस!"

ती खाली आली. एकेक पायरी, आधी दुखरा पाय, मग बरा, बरोब्बर शिकवल्याप्रमाणे. माझ्यापाशी येऊन तिनं छत्री माझ्या डोक्यावर धरली.

"कच्चे नाहीयेत," ती म्हणाली. "मी शिवलेत."

मी तिच्या पायाकडे पाहिलं. सोलाच्या कडेनं खाचेतून मेणाचा दोरा गेलेला होता. टाके कुठं लांब, कुठं आखूड, बोटांपाशी तर दोन एकमेकांवर चढलेले. असं काम नव्या माणसानं केलं असतं तर मी उसवायला लावलं असतं. पण टोकापासून टाचेपर्यंत आणि टाचेपासून टोकापर्यंत, सबंध शिवलेले. दोन्ही.

नवव्या वर्षी तिनं चामडं टोचायची आरी तळहातात घुसवून घेतली होती. तेव्हापासून माझा हुकूम: बघायचं, हात लावायचा नाही. सहा वर्षं ती बाकावर बसून बघत होती. मला वाटायचं, वेळ घालवतेय.

"कधी?" मी विचारलं.

"पहाटे चारला उठले. आधी सबंध चिकटवला, मग शिवला. आई बसली होती सोबत. तिनं दोरा मेणवून दिला. खाच तुम्ही पाडून ठेवलीच होती."

"मला उठवायचं नाही का?"

"तुम्ही चिडला होतात ना. आणि उठला असतात तर आरी हातातून काढून घेतली असतीत." मग जरा थांबून, "चिठ्ठी खिळ्याला लावली होती. वर्तुळ पुरं करून. तुम्ही खिळ्याकडे बघितलंच नाही?"

नाही बघितलं. माझ्या दुकानात काम पुरं झालं की नाही हे बघायची एकच जागा आहे, आणि मी तिथं बघितलं नाही. हे काम माझ्याखेरीज दुसरं कुणी पुरं करील हे माझ्या मनातच आलं नाही. मला लाज वाटली, आणि गुडघ्याहून ती जास्त लागली. मी तिचे टाकेच मोजत राहिलो.

"बाबा," ती म्हणाली, "वर बघा."

मी वर पाहिलं. केस चेहऱ्याला चिकटलेले, नाकाच्या शेंड्यावर पाण्याचा थेंब. पाच महिन्यांत ती एवढी मोठी कधी झाली, मला माहीत नव्हतं. हनुवटी तर माझ्या आईची. ही कधी आली?

"पावसात हे घालून निघालात?" तिनं माझी एक स्लिपर उचलली आणि तिचा तळ माझ्या तोंडासमोर धरला. "लोकांना काय सांगता दुकानात? पायात काय आहे ते बघून मग उंबरा ओलांडावा."

खालून किल्लीवाला चढून आला होता. तो एवढ्या जोरात हसला की मलाही हसू फुटलं, आणि हसताना कळलं की मी रडतोय. पाऊस होता म्हणून निभावलं.

"तू जा," मी म्हणालो. "आठला दहा कमी आहेत."

"तुम्ही?"

"मी याच्या खांद्यावर. नीघ म्हणतो ना!"

ती चढली. यावेळी मी तिच्या पायाकडे बघितलं नाही. ठरवून नाही बघितलं, फार जड गेलं. लाल छत्री वरच्या टोकाला पोचेपर्यंत तिच्या पाठीकडे बघत राहिलो. वर पोचल्यावर मी मुद्दाम हाक मारली.

"भिंगरी!"

गर्रकन फिरली. हात केला. गेली.

दुपारी ती आली तेव्हा मी सुजलेला घोटा स्टुलावर ठेवून बसलो होतो. परीक्षा कशी गेली ते तिनं आधीच दारातून सांगितलं: चांगली गेली. पायाकडे कुणी बघितलं का, ते मी विचारलं नाही. "एकीनं विचारलं, कुठून घेतलेस," ती आपणहून म्हणाली आणि बूट काढून माझ्यापुढे ठेवले.

मी एक उलटा केला, बोटाच्या पेरानं ठोकून पाहिला. ती श्वास धरून उभी होती, तिथं परीक्षेतसुद्धा अशी उभी राहिली नसेल. आवाज भरीव आला. टाचेपाशी मात्र दोन टाके ढिले झाले होते, गिरकी घेतली तिथलेच.

"दोन ढिले आहेत," मी म्हणालो.

"मग घाला ना तुम्ही. तुमचे सरळ येतात."

"मी का? पाटी वाच. ज्याच्या हातचा बूट परत येतो, त्यानंच फुकट शिवून द्यायचा," मी म्हणालो, आणि आरी मुठीच्या बाजूनं तिच्यापुढे धरली.